गुरुवारची वेळ

"बोटं सैल सोडा, मावशी," टेक्निशियन म्हणाला आणि त्याने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

मुठीत पाखरू धरावं तसा तो हात थरथरत होता. टेक्निशियनने पडद्यावरचे दोन-तीन आकडे बदलले. मावशीच्या दंडातून मुंग्या गेल्या आणि हात शांत झाला. त्याने तो लगेच सोडला नाही. नाडी मोजावी तसा आणखी मिनिटभर धरून ठेवला.

मावशी रफू करायची. कोटाला ठिणगीने भोक पडो की शालीला कसर लागो, तिची सुई फिरली की कपड्याच्या मालकालाही जागा सापडत नसे. नवरा गेला त्याच वर्षी हाताला कंप सुटला. आधी सुईत दोरा जाईना, मग कप ओठापर्यंत पोचेना. शेवटी डॉक्टरांनी तिच्या मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या आणि गळ्याखाली, कातडीच्या आत, एक बॅटरी. बॅटरी तारांतून हलका करंट सोडी आणि कंप थांबे. बंद-चालू करायला तिच्याकडे छोटा रिमोट होता. भिंतीवर बसवलेली एक डबी घरातूनच यंत्राला दवाखान्याशी जोडून ठेवी.

पहिलं वर्ष छान गेलं. मग कधी या बुधवारी, कधी त्या, हात पुन्हा थरथरू लागला. रिमोटवर हिरवा दिवा असे, तरीही. गुरुवारी ती दवाखान्यात जाई, टेक्निशियन आकडे बदली, आणि आठ-पंधरा दिवस बरे जात.

गुरुवारी ती ठेवणीतले कपडे घालायची. लेक दूर देशी होती, रविवारी फोन करायची, तोही कडेवरच्या पोराला दटावत. बाकी आठवडाभर मावशीशी कोणी गिऱ्हाईक बोललं तर ते 'कपडा कधी मिळेल?' एवढंच. टेक्निशियन मात्र सगळं विचारी. जेवलात का, झोप लागते का, जिना चढताना दम लागतो का. तो चाळिशीचा, एकटाच राहणारा. घरी गेल्यावर आधी टीव्ही लावतो, कोणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं, असं एकदा सहज म्हणाला होता. बुधवारी हात हलू लागला की मावशीला भीती वाटे, आणि भीतीच्या पाठोपाठ थोडं बरंही वाटे. त्या बरं वाटण्याची तिला फार लाज वाटायची.

हात पुन्हा हलू लागल्याच्या चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. बिघाड नेमका बुधवारीच कसा होतो, असं त्यांनी विचारलं. आवाज गोड होता. एकटी माणसं कधीकधी नकळत रिमोट दाबतात, दवाखान्याची सवय लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असंही म्हणाले.

आपण खरंच दाबत असू का, असा संशय तिला स्वतःचाच आला.

दाराशी उभा असलेला टेक्निशियन पुढे झाला. "डॉक्टर, मावशी खोटं बोलत नाहीत. मी खात्रीने सांगतो."

नवरा गेल्यापासून तिची बाजू घेऊन कोणी बोललं नव्हतं. तिने पर्समधून रिमोट काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून दिला. ठेवा तुमच्याकडेच, म्हणाली.

पुढच्या बुधवारी हात पुन्हा थरथरला.

डॉक्टरांनी तिची माफी मागितली. पण मग तार जागेवरून सरकली असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. डोकं पुन्हा उघडावं लागेल. तिच्या वयाला धोका होता, तो त्यांनी लपवला नाही. महिन्याभराने तारीख दिली.

बाहेर आल्यावर ती टेक्निशियनला एवढंच म्हणाली, "मला भीती वाटते रे."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाही होणार ऑपरेशन," तो म्हणाला. "आता हात हलणारच नाही. माझा शब्द."

आणि खरंच हलला नाही. एक बुधवार गेला, दुसरा गेला, चारही गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन आधी पुढे ढकललं, मग रद्दच केलं. मावशीने साठलेलं काम हातावेगळं केलं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती पडद्यांना, उशांच्या अभ्र्यांना टाके घालत बसे. हात दगडासारखा स्थिर होता. तो धरायला मात्र कोणी नव्हतं. गुरुवारी सकाळी ती आंघोळ करून खुर्चीत बसायची आणि दुपार झाली की उठायची.

तीन महिन्यांनी एका गुरुवारी तिने ठेवणीतले कपडे घातले आणि दवाखाना गाठला.

तिला दारात पाहून टेक्निशियन ताडकन उठला. हात पुन्हा हलायला लागला का, असं त्याने विचारलं.

तिने दोन्ही हात त्याच्यासमोर पसरून दाखवले. मग खुर्चीत बसली आणि वाटेत घोकलेलं सगळं विसरून सरळच म्हणाली, "तूही एकटा, मीही एकटी. दर गुरुवारी माझ्याकडे जेवायला येत जा. त्यासाठी माझं काही बिघडायलाच हवं असं थोडंच आहे?"

टेक्निशियनने पडदा विझवला. तिने पुढे केलेला हात त्याने धरला नाही.

"मावशी, तुमचं यंत्र कधी बिघडलंच नव्हतं," तो म्हणाला. "बुधवारी इथून मीच करंट कमी करत होतो."