ताशी चार किलोमीटर

"हा धडा सोडून दे," ठुबे सर म्हणाले. "वेळ, वेग, अंतर यावर फार तर दोन प्रश्न येतात. त्यापेक्षा अपूर्णांक पक्के कर."

राजनंदिनीने पुस्तक मिटलं नाही. "सर, मागच्या वर्षी चार आल्ते."

आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. गुणवत्ता यादीत नाव लागलं, तर नगरची एक शाळा तिला वसतिगृहात मोफत ठेवून घेणार होती. नाही लागलं, तर शाळा सोडून श्रीगोंद्याला मामाकडे. मामीला हाताखाली कोणीतरी हवंच होतं.

ठुबे सर नगरचे, निवृत्त शिक्षक. गेल्या जूनमध्ये आपण होऊन दारात येऊन उभे राहिले. गणित आणि इंग्रजी शिकवतो, फी घेत नाही, म्हणाले. फुकटचं म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो. राजनंदिनीच्या आईने, आरतीनेही केला. आता ती त्यांना देवमाणूस म्हणत होती.

दर मंगळवारी आणि शनिवारी सर एसटीने यायचे. नगरला त्यांची मोटार झाकून उभी होती, पण डोळे साथ देत नाहीत म्हणून चालवत नसत. सुप्याच्या थांब्यावर रिक्षा मिळे. तरी शेवटचा किलोमीटर ते रस्त्याच्या कडेने चालत यायचे. पंधरा मिनिटं लागायची. घरात शिरले की आधी घटाघटा पाणी प्यायचे.

भिंतीवर राजनंदिनीच्या वडिलांचा, भीमाचा फोटो होता. तो एमआयडीसीत रात्रपाळीला असे. तीन वर्षांपूर्वी उजाडता उजाडता सायकलवरून घरी येताना कोणत्या तरी गाडीने त्याला उडवलं. गाडी थांबली नाही. पाहणारं कोणी नव्हतं. सायकलवाला भरधाव मध्ये आला असावा, असं कागदावर लिहून सगळे मोकळे झाले.

"लई घाई असायची ह्यांना," आरती चहा ठेवताना म्हणायची. "किती येळा सांगितलं, सायकल दमानं चालवा. ऐकलं न्हाई." तीन वर्षं झाली, तरी नवऱ्यावरचा तिचा राग गेला नव्हता.

सर फोटोकडे पाठ करून बसायचे. तिथे उजेड चांगला येतो म्हणे.

त्या दिवशी इंग्रजीत कर्मणी प्रयोग झाला. 'खिडकी फोडली गेली.'

"कुनी फोडली ते न्हाई लिहायचं?" राजनंदिनीने विचारलं.

"माहीत नसेल तर गाळायचं. वाक्य बरोबरच धरतात."

"आन म्हाईत असलं तर?"

सरांनी पान उलटलं. पोरीने पुन्हा तोच गणिताचा धडा पुढे सरकवला. हट्टी होती. शेवटी त्यांनी पुस्तक बाजूला सारलं, तिची वही ओढली आणि पेनाने स्वतःच एक गणित लिहून दिलं.

एक माणूस सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कंपनीतून निघाला. घर तीन किलोमीटर. दोन किलोमीटर सायकलवर, ताशी बारा. मग चेन पडली, बसेना. उरलेलं अंतर सायकल हातात धरून, रस्त्याच्या अगदी कडेने, ताशी चार. तर तो घरी किती वाजता पोहोचेल?

राजनंदिनीने मांडलं. "दहा मिन्टं आन पंधरा. सहा पस्तीस."

सर बराच वेळ वहीकडे बघत राहिले. "बरोबर," ते म्हणाले. "सहा पस्तीसला पोहोचायला हवा."

"पर कडेनं कशाला लिहिलं, सर? गणितात लागत न्हाई ते."

"कधीकधी जास्तीची माहिती देतात. फसवायला."

त्या दिवशी सरांची एसटी चुकली. थांब्यावर उभे असूनही चुकली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सर दोन नवी बॉलपेनं घेऊन आले. "उत्तराचा गोल नीट विचार करून काळा कर," त्यांनी शंभराव्यांदा सांगितलं. "पेनाचं पुसता येत नाही."

आरती त्यांच्या पाया पडायला वाकली. सर झटकन मागे सरकले. तिने हसून पदर डोळ्यांना लावला आणि ती दूध आणायला बाहेर गेली.

राजनंदिनीने प्रवेशपत्र दप्तरात ठेवलं. दोन्ही पेनं चालवून पाहिली. मग ती मान वर न करता बोलली.

"सर, पप्पांची सायकल मागं पत्र्याखाली हाय अजून. पोलिसांनी दिली तशीच. चेन लोंबतीय."

तिने पेनांना टोपणं लावली.

"आमाला वाटायचं, धडकेनं पडली. आदीच पडल्ती, पप्पा कडेनं चालत येत हुते, हे आईला बी ठाव न्हाई. कुनालाच न्हाई." तिने गणिताची वही दप्तराच्या आतल्या कप्प्यात सरकवली आणि चेन ओढली. "उद्या माझा पेपर हाय, सर. आईला परवा सांगते."