द्वारकाच्या पायातली कळ

बायको द्वारका गेली त्या दिवशी भानुदास चपलेत खिळा घुसलेला असताना तासभर मंडईत फिरला, आणि तिचा फोन आला नाही. मधुमेहानं त्याचे तळपाय बधिर झाले होते. त्याच्या पायातली कळ दवाखान्यानं द्वारकाच्या मनगटावरच्या पट्ट्यातून तिच्या पायात पोचवायची सोय केली होती. खडा टोचला की ती घरून फोनवर ओरडायची, "अहो, चप्पल झटका आधी!" चपलेत रक्त दिसल्यावर तो घरी धावला, तेव्हा ती ओट्यापाशी पडलेली होती.

महिन्यानंतर डॉक्टर, मलमपट्टी करणारी सिस्टर आणि बूट बनवणारा इरफान त्याच्या जखमेभोवती बसले.

"काका, पट्टा आता कुणाला बांधायचा?" सिस्टरनं विचारलं. "नाहीतर हा पाय वाचायचा नाही."

मुलगी शैलानं हात पुढे केला. "मला बांधा."

"माझ्या पायाची कळ सोसत तुझी आई वर्षभर लंगडली," भानुदास म्हणाला. "आणि मी तिला म्हणायचो, वजन कमी कर."

"मग पाय कापून घेणार, बाबा? ती उगीचच लंगडली का?"

इरफाननं नव्या बुटाचं माप घेतलं, सिस्टरनं जखम बांधली. पट्टा अजून कुणालाच बांधलेला नाही.