नाव तेवढं राहू द्या

“ओटीपी आला का, ताई?” आदर्शनं विचारलं.

सिंधुच्या हातातला मोबाइल वाजला. आकडे आले होते. तिनं मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला.

लातूरच्या त्या ऑफिसात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘छोटे पार्टनर, आमची खरी ताकद’. त्याखाली आदर्शची खुर्ची. कंपनी मोबाइलवरून पूजेच्या पेट्या विकायची, आणि गावोगावच्या सिंधुसारख्या बायका तिच्या पार्टनर होत्या. शेजारणीला पेटीबद्दल सांगायचं. शेजारणीनं ऑर्डर करताना कोडच्या जागी आपलं नाव टाकलं, की आपल्याला थोडं कमिशन. तिच्या उमरी गावच्या दहा-बारा बायका न चुकता ‘सिंधु’ टाकायच्या.

“तुमचं काही चुकलं असं न्हाई बरं का,” आदर्श म्हणाला. त्याचा आवाज फार गोड होता. “उलट तुमच्या गावचं एक पार्सल आजवर परत आलं न्हाई. नांदेडच्या वर्षाराणी मॅडमला लाखभर लोक मोबाइलवर बघतात, पण निम्मा माल परत येतो. लोक त्यांना बघतात, भरवसा ठेवत न्हाईत. भरवसा तुमच्या नावावर हाय.”

“मग?”

“मग ते नाव मॅडमला द्यायचं. तुम्ही ओटीपी सांगितला की झालं. चेहरा त्यांचा, नाव तुमचं. सगळीकडं एकच सिंधु.”

“अन् मी, सर?”

“तुम्ही काय, घरच्याच.”

“मला दुसरा कोड द्या मग.”

“छोटे कोड सगळेच बंद करायलोत, ताई. वरून आलंय.” त्यानं बोट वर केलं. ते नेमकं भिंतीवरच्या अक्षरांकडं गेलं. “पण नाव लई छान ठेवलं हो तुम्ही.”

“मी न्हाई ठेवलं. आईनं ठेवलंय.”

तो मनापासून हसला.

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, महानंदा. पुढं तेही कुणी घेतलं नाही. उमरीत ती सत्यमची आई झाली. कंपनीच्या फॉर्मात नाव विचारलं, तेव्हा कुणी बघत नाही असं पाहून तिनं माहेरचं नाव टाकलं होतं. मग बायका विचारू लागल्या, काय नाव टाकायचं गं? आणि अठरा वर्षांनी गल्लीतून हाक आली, “सिंधे!” हातातली परात तशीच ठेवून ती दारात धावली होती.

“आणि न्हाई सांगितला ओटीपी तर?” तिनं विचारलं.

आदर्शनं काचेपलीकडं पाहिलं. तिथं लाल पेट्या रचून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरच्या पेटीवर तिच्या गल्लीतल्या धुरपताबाईचं नाव होतं.

“तर कोड आज बंद पडंल. त्या कोडावरच्या पेट्या आपोआप रद्द. आमच्या हातात काही न्हाई.”

“परवा गुरुवार हाय, सर. मार्गशीर्षातला पहिला.”

“तेच म्हणतो. बाया घट मांडायला बसतील, अन् पेटीच न्हाई. म्हणतील, सिंधुचं नाव टाकलं अन् सिंधुनं फसवलं.” तो पुढं झुकला. “आपल्या नावाला बट्टा कशाला लावून घेता?”

पंखा फिरत होता. सिंधुनं मोबाइल उताणा केला. पोथी वाचावी तशा हळू आवाजात तिनं एकेक आकडा वाचला. तो एकेक टिपत गेला.

“झालं. चहा घेता?”

“मंगळवारचा उपास हाय. मी चहाबी घेत न्हाई.”

“बघा,” आदर्श शेजारच्या टेबलाकडं वळून म्हणाला, “अशी माणसं पाहिजेत कंपनीला.”

गुरुवारी सकाळी उमरीत सगळ्यांच्या पेट्या पोचल्या होत्या. धुरपताबाईनं आपली पेटी मात्र उघडली नव्हती. “तुज्या हातानंच उघड,” म्हणून तिनं सिंधुला घरी बोलावून घेतलं. नारळ, सुपाऱ्या, वस्त्रमाळ, पोथी, सगळं जागच्या जागी होतं. तळाशी एक चकचकीत कार्ड निघालं.

धुरपताबाईनं ते उचललं. ती शाळेत गेली नव्हती. ऑर्डरीपुरती इंग्रजीतली सहा अक्षरं तिनं फरशीवर कोळशानं गिरवून शिकली होती. कार्डावरच्या त्या सहा अक्षरांवरून तिचं बोट सावकाश सरकलं.

“ह्ये बग, तुजंच नाव! मला वाचता आलं.” मग बोट फोटोवर थांबलं. “अन् ही कोण गं नटवी?”

सिंधु घटावर नारळ ठेवत होती. तो नीट बसेना. तिनं तो उचलून पुन्हा ठेवला.

“सांग की, कोण हाय?”

“सिंधुच हाय, मामी. खाली लिवलंय की.”

धुरपताबाईनं कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, आणि खळखळून हसली. “देखणी हाय पण! तुज्यापरीस हिलाच शोभतंय बग नाव.” तिनं कार्ड घटाला टेकवून उभं केलं. हळद लावली, कुंकू लावलं. हात जोडले आणि मान वळवून म्हणाली,

“सरक गं जराशी, सत्यमच्या आई. तुजी सावली पडायली तिच्यावर.”