तेरा नंबरला ग्रेस मार्क

तेरा नंबरचा गुडघा पुन्हा बिघडला होता आणि अनिमेषला काही कळेनासं झालं होतं. परवाच्या सामन्यात हाच माणूस वारं प्यायल्यासारखा धावत होता. आज गुडघ्याला पांढरी पट्टी आणि चार पावलं टाकली की लंगडणं.

डोंबिवलीत मानपाड्याच्या ऑफिसात बसून दिवसभर लिथुआनियातले बास्केटबॉलचे सामने बघायचे आणि कोणी काय केलं ते नोंदवायचं, ही अनिमेषची नोकरी. पास कोणी दिला, बास्केट कोणी केली, बॉल कोणी घालवला. स्वतः त्याने जन्मात बास्केटबॉलला हात लावला नव्हता. उंचीच्या बाबतीत देवाने हात आखडता घेतलेला. पण बघून बघून नजर बसली होती.

सामने यायचे ते मुके. आवाज काढलेला, तारीख नाही, स्कोअरवर काळी पट्टी. खेळाडूंची नावंही नाहीत, फक्त पाठीवरचे नंबर.

"स्कोअर दिसला की माणूस एका बाजूने झुकतो," टीम लीडर सुदेशने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. "आपण लिहू त्यावर तिकडे क्लबवाले ठरवतात, कोणाला ठेवायचं नि कोणाला नारळ द्यायचा. आपलं पण तेच आहे. सध्या ट्रायल चालू आहे. काम पसंत पडलं तर कायमचं, नाहीतर सगळे घरी."

तेरा नंबर आपल्याला का आवडतो हे अनिमेषला धड सांगता आलं नसतं. स्वतःला संधी असतानाही तो बॉल दुसऱ्याला द्यायचा. आणि चूक झाली की डाव्या हाताने स्वतःचा कान धरायचा. नेटवर त्याला शोधून पाहिलं, पण लिथुआनियात उंच माणसांची काही वाण नव्हती.

शिवाय या माणसाचा ताळमेळच लागत नव्हता. एका आठवड्यात डोक्यावर दाट केस, पुढच्या आठवड्यात कपाळ पार मागे सरकलेलं, मग परत दाट केस.

"केस लावून घेतले असतील रे," सुदेश म्हणाला. "पैसेवाली माणसं."

"आणि मग परत गेले?"

"तू नोंदी कर ना भावा."

दिवा स्टेशनजवळच्या घरी आईला रोजचा अहवाल लागायचा. आई म्हणजे उत्तराबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचेही गुडघे कामातून गेले होते, त्यात चौथा मजला आणि लिफ्टचा पत्ता नाही. त्यामुळे तेरा नंबरबद्दल त्यांना विशेष माया होती.

"आज कसा आहे तुझा लांबड्या?" भाकरी वाढताना त्यांनी विचारलं.

"लंगडतोय. बॉल हातातून निसटतोय. असंच चाललं तर काढतील त्याला."

"मग दे की थोडे ग्रेस मार्क."

"आई, ही दहावीची परीक्षा नाहीये."

"परीक्षा ती परीक्षाच. काठावरच्या मुलाला मी कधी घरी बसवलं नाही. आणि हा तर चुकलं की कान धरतो म्हणतोस. चांगल्या घरचा दिसतो."

अनिमेष हसला, पण ते डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी तोच सामना पुढे सुरू झाला. तेरा नंबरच्या हातातून बॉल निसटला, समोरच्या दोघांच्या पायांमधून घरंगळला आणि नेमका त्याच्याच साथीदाराच्या हातात गेला. त्याने बास्केट केली. तेरा नंबरने कान धरला. नियमाने हा पास नव्हता, निव्वळ नशीब होतं. अनिमेषने इकडेतिकडे बघितलं आणि लिहिलं, पास, तेरा नंबर.

हात एकदा सैल सुटल्यावर मग काय. गुडघ्याला पट्टी दिसली की ग्रेस. मधूनच पट्टी नसलेला, ठणठणीत तेरा नंबर दिसायचा, तेव्हा त्याला वाटायचं, आपल्या मार्कांनी गुण आला. चार दिवसांनी परत लंगडणं. आपण एका माणसाला वाचवतोय की अख्ख्या ऑफिसला बुडवतोय, हे त्याचं त्यालाच उमजेना. भीती मात्र रोज वाढत होती.

ट्रायल संपत आली तेव्हा सुदेश त्याच्या खुर्चीशी आला. चेहरा उतरलेला.

"लिथुआनियाहून साहेब आलेत. फक्त तुला बोलावलंय. काय करून ठेवलंयस?"

केबिनमध्ये टेबलामागे एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला, चष्मेवाला गोरा माणूस बसला होता. समोरचा बटाटेवडा त्याने अर्धाच खाल्लेला. त्याने लॅपटॉप अनिमेषकडे वळवला. निसटलेला बॉल, घरंगळणं, बास्केट.

"हा पास आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

मागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या सुदेशने डोळ्यांनी खुणावलं, माफी माग म्हणून.

चूक कबूल केली तर नोंदी खोडल्या जाणार आणि तेरा नंबरच्या हातात नारळ. नाही केली तर नारळ आपल्या हातात.

"पास आहे, सर."

"नक्की?"

"सर, त्याचा गुडघा दुखतोय. दुखतोय तरी तो खेळतोय. मध्ये बरा झालेला, परत होईल. त्याला काढू नका. हवं तर मला काढा."

सुदेशने कपाळाला हात लावला.

साहेबाने लॅपटॉप मिटला. मग त्याने गुडघ्यावर हात दाबला आणि उठायला लागला, तो उठतच राहिला. डोकं पंख्याच्या जवळ गेलं तसा सुदेशने घाईघाईने पंखा बंद केला.

"बॉल निसटला होता," साहेब म्हणाला आणि त्याने डाव्या हाताने स्वतःचा कान धरला. "ट्रायलला आम्ही जुनेच सामने देतो. दहा वर्षांपूर्वी कुठे होतास तू?"