जराही त्रास झाला नाही

"शांतपणे गेल्या हो त्या. जराही त्रास झाला नाही," नर्स म्हणाली.

बायकोच्या खाटेपाशी पेनरोझ अंगातला ओला कोटही न काढता उभा होता. त्याची गाडी वाटेत रखडली आणि एनिड त्याच्याविनाच गेली.

नर्सचं वाक्य त्याला पाठ होतं. पत्रकारिता सोडून त्याने महायुद्धाचा इतिहास लिहिला आणि तो इंग्लंडात घरोघरी वाचला गेला. कामी आलेल्या सैनिकाच्या आईला अधिकारी हेच कळवत, 'त्याला जराही त्रास झाला नाही.' ते धादांत खोटं होतं, हे त्याने साक्षीपुराव्यांनिशी दाखवून दिलं होतं.

एका व्याख्यानानंतर अशीच एक म्हातारी आई त्याच्यापुढे येऊन रडली होती. "माझ्याकडे तेवढंच उरलं होतं हो!"

"बाई, मी पुराव्याला बांधलेला माणूस," तो म्हणाला होता.

आता पुरावा समोरच होता. एनिडच्या मुठीत चादर अजून घट्ट आवळलेली होती.

त्याने त्या मुठीवर हळूच पांघरूण ओढलं आणि तो नर्सकडे वळला.

"पुन्हा एकदा सांगा ना," तो म्हणाला, "कशी गेली ती?"