कोरं कपाळ

केसरीनाथने वहीच्या मुखपृष्ठावर अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. त्यावरच्या फोटोत स्ट्रेचरवरच्या जवानाचं कपाळ कोरं होतं.

"काका, आता तालुक्यातली पोरं तुमच्यावर गणितं सोडवणार!" प्रितेश हसत म्हणाला. मानकोलीच्या या गोदामात तो शाळेच्या वह्या छापायचा. यंदाच्या वह्या लष्करातल्या नर्सिंग असिस्टंट जवानांच्या सन्मानार्थ होत्या. आठ वह्या, आठ चेहरे. पहिल्या वहीवर भिवंडीचाच माणूस हवा, हा त्याचा हट्ट. फोटो त्याने पलटणीतल्या एका निवृत्त साहेबांकडून मिळवला होता. केसरीनाथ तो आज प्रथमच पाहत होता.

"तासाभरात छपाई सुरू करतो. तुम्ही फक्त हो म्हणा." एवढं बोलून प्रितेश मशीनकडे गेला.

फोटोत केसरीनाथ स्वतः होता, पंचवीस वर्षांपूर्वीचा, बर्फात गुडघे टेकलेला. स्ट्रेचर उचलायच्या क्षणी कुणीतरी तो काढला होता. स्ट्रेचरवर जखमी जवान कुमार, वय एकवीस. केसरीनाथने त्याला नुकतंच मॉर्फिन दिलं होतं. नियम साधा होता. मॉर्फिन दिलं की जखमीच्या कपाळावर जांभळ्या औषधाने इंग्रजी एम लिहायचा. खालच्या तंबूतला माणूस आधी कपाळ बघणार, मग सुईला हात लावणार. कारण लागोपाठ दुसरी सुई म्हणजे श्वासच बंद.

खालच्या तंबूत रामनाथ होता. अंबाडी गावचा. दोघं एकाच भरतीत लागलेले, एका ताटात जेवलेले. रामनाथने दुसरी सुई दिली. कुमार गेला.

चौकशीत केसरीनाथ म्हणाला, लिहिला होता. रामनाथ म्हणाला, नव्हता. बर्फाने पुसला असेल, असं म्हणून साहेबांनी सगळं बर्फावर ढकललं आणि कागद मिटवले. या दोघांचं मात्र मिटलं नाही. पंचवीस वर्षांत ना हळदीचं बोलावणं, ना मयताला खांदा. घरात कुणी तापाने फणफणलं तरी रामनाथ त्याच्या कपाळाला हात लावत नाही, असं लोक सांगत. केसरीनाथ ते ऐकायचा आणि उठून आत जायचा. आपण लिहिला होता. नक्की लिहिला होता. की लिहायचा आहे, असं नुसतं मनात म्हटलं होतं?

आता उत्तर समोर होतं. चकचकीत कागदावर.

तो बाहेर आला. उभ्या ट्रेलरच्या सावलीत त्याने फोन काढला. नंबर कधीचा जवळ होता. लावला कधी नव्हता.

"कोन?"

"मी केसरी."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग, "कोन मेला?"

"कोन न्हाय. रामा, त्या दिवसाचा फोटो मिलालाय. स्ट्रेचर उचलतानाचा. कपाल कोरं हाय." त्याने ट्रेलरवर हात टेकला. "मी एम लिवलाच न्हवता. चूक माजी."

"म्हंजे मी बगितलं व्हतं ना, केसरी? नीट बगितलं व्हतं?"

"बगितलं व्हतंस."

फोन कशावर तरी आपटला. मग म्हाताऱ्या माणसाचं रडणं ऐकू आलं आणि त्यातूनच हाक, "सरू! अगो सरू, ऐकलास का? न्हवताच लिवलेला!"

केसरीनाथ परतला. आपला फोटो काढून टाका, एवढंच त्याला सांगायचं होतं. मारणाऱ्याचा फोटो पोरांच्या दप्तरात नको.

प्रितेश अजून आला नव्हता. मुखपृष्ठं तयार करणारी करिष्मा कॉम्प्युटरपाशी बसली होती.

"आजोबा, आवडला ना? दोन दिवस घासलाय मी तो फोटो. घड्या काढल्या, बुरशी काढली. ह्यांच्या कपाळावर तर जांभळी शाई सांडलेली, ती पण पुसली."

केसरीनाथने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "दाखव."

तिने मूळ फोटो उघडला. कपाळावर जांभळ्या रेघा होत्या. थंडीने थरथरत्या हाताच्या, वाकड्या. दोन उभ्या, मध्ये दरी. एम.

करिष्माने मान पुढे काढून पाहिलं. "अय्या, हे लिहिलेलं आहे काय? सॉरी आजोबा. परत टाकते. दोन मिनिटांचं काम आहे."

खिशात फोन वाजला. अंबाडीचा नंबर. या वेळी बाईचा आवाज होता, रामनाथच्या बायकोचा.

"भावोजी, मी सरू." तिने नाक ओढलं. "नातीला सकालपासून बरं न्हाय. हे आता तिच्या उशाशी बसल्यात. कपालावर हात ठेवून."

केसरीनाथने फोन खिशात ठेवला. शेडमध्ये मशीन धडधडायला लागलं होतं.

"टाकू ना परत?" करिष्माने विचारलं.

"नको. तो जुना फोटो पण पुसून टाक. आणि प्रितेशला सांग, छाप म्हणावं."

"पण आजोबा, लिहिलेलं तर आहे ना..."

"न्हाय पोरी," केसरीनाथ म्हणाला. "कपालावर काय लिवलं न्हवतं."