दोराचं दुसरं टोक

बचाव पथकाचा नियम होता: खाली उतरायचं काम जो देईल, त्यानेच दोर धरायचा. पुराच्या पाण्याने भरत चाललेल्या तळघरात वॉचमन अडकला होता. नव्या प्रमुखबाईने भराभर कामं वाटली. पंप ड्रायव्हरला, शिडी जवानाला. मग तिची नजर आता हाताखाली आलेल्या जुन्या साहेबांवर थांबली. मागे याच साहेबांनी पथकातल्याच तिच्या धाकट्या भावाला तिच्यादेखत विहिरीत उतरवलं, मग तिला दुसऱ्या कामाला पिटाळलं, दोर खांबाला बांधला आणि स्वतः चहाला गेले. गाठ सुटली. चौकशीत खापर मेलेल्याच्याच माथी फुटलं. “साहेब, उतरा.” साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “दोर कोण धरणार?” “मी. नियम आहे ना!” त्यांनी कमरेला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. “सोडणार नाहीस ना, पोरी?” तिने दोर आवळला. “माझ्या भावानेही हेच विचारलं होतं. तुम्ही त्याला दिलंत, तेच उत्तर माझं.”